डोळे मिटून सांगितलेल्या चतुःसीमा

नांदेडहून निघालेली एसटी अहमदपूरच्या अलीकडं आली होती. मी खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत. बाहेर करडई अशी फुलली होती की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पिवळंच दिसायचं. मनात एकच घोळत होतं... निलंग्याला उतरलं की घरी न जाता थेट ऑफिसात जायचं आणि अक्कांना विचारायचं, "सांगा, काय करू?" माझा धाकटा भाऊ दत्ता मला स्टँडवर सोडायला आला होता. गाडी सुटता सुटता म्हणाला, "ताई, ते हक्कसोडीचं बघ की. समद्याच बहिनी करत्यात." वडील गेल्यावर नांदेडजवळच्या आमच्या शेताला आम्हा दोघांची नावं लागली होती. त्यातलं माझं काढून टाकायचं, एवढीच गोष्ट. तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातले कारकून रडत होते. अक्का दुपारी जेवून खुर्चीत टेकल्या आणि उठल्याच नाहीत. एसटी चालत राहिली, करडई तशीच मागं सरत राहिली, आणि मला त्या झोपेतून पुरतं बाहेर येता येईना. हे आधी अक्कांना कळवायला पाहिजे, असं काहीतरी मी बराच वेळ स्वतःशी म्हणत होते.

अक्का म्हणजे आमच्या वत्सलाबाई वकील. निलंग्याच्या कोर्टाजवळच्या बोळात त्यांचं ऑफिस. मी लग्न होऊन निलंग्यात आले तेव्हा वकिलीची पदवी ट्रंकेत साड्यांखाली ठेवली होती. कुठून तरी हे त्यांच्या कानावर गेलं. एक दिवस काळा कोट हातावर टाकून त्या दारात उभ्या, आणि सासूबाईंना म्हणाल्या, "सून जरा उसनी द्या. संध्याकाळी परत करते." तेव्हापासून मी उसनीच आहे. ऑफिसच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'दिवाणी, फौजदारी, महसूल व इतर सर्व कामे'. त्या 'इतर सर्व' शब्दांनी आमचा घाम काढला. खरेदीखत, वारसनोंद, पोटगी, अपघाताची भरपाई हे तर होतंच. पण कुणी सोयरिकीचं विचारायला यायचं, कुणी पोराला दहावीनंतर कुठं घालावं म्हणून, आणि एक बाई तर शेजारणीचा कोंबडा फार पहाटे आरवतो म्हणून नोटीस मागायला आली होती. मी हसले की अक्का डोळे वटारायच्या. "आपली जनरल प्रॅक्टिस हाय, लता. आलेल्याला न्हाई म्हणायचं न्हाई." कोंबड्याला नोटीस गेली नाही, पण शेजारणीला चहाला बोलावणं गेलं.

अक्का काही संत नव्हत्या. केस हरल्या की सरळ फुरंगटून बसायच्या, टंकलेखनात चूक झाली तर कागद टराटरा फाडायच्या, आणि आपलं चुकलं हे कबूल करायची वेळ आली की सुपारी शोधायला लागायच्या. पण त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच वकिलाकडं पाहिली नाही. जमिनीचा वा घराचा कुठलाही दस्त करायचा तर त्यात चतुःसीमा लिहाव्या लागतात, म्हणजे चारही बाजूंना काय आहे, कोण आहे. बाकीचे वकील जुन्या कागदावरून त्या उतरवून काढतात. अक्का पक्षकाराला खुर्चीत बसवायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिट. तुझ्या वावरात जा. सूर्य उगवतो तिकडं तोंड करून हुबा राहा. आता सांग, समोर काय हाय?" कारण आमच्याकडं लोकांना पूर्व-पश्चिम कागदावर सांगता येत नाही, वरचं अंग आणि खालचं अंग कळतं. पण सूर्य मात्र कुणाचा चुकत नाही. "कागदावरून उतरवलेली सीमा कोर्टात भांडती," अक्का म्हणायच्या, "पायानं चाललेली न्हाई भांडत."

त्या वेळी ऑफिसात जे व्हायचं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पंखा फिरत असायचा, बाहेर कोर्टाचा पुकारा चालू असायचा, आणि खुर्चीतला माणूस हळूहळू तिथून निघून जायचा. चेहरा सैल व्हायचा. कुणाच्या पायाची बोटं चपलेत हलायची, ढेकळांतून चालल्यासारखी. शिरूर अनंतपाळचा एक गडी लांबून आला होता, तो डोळे मिटल्याबरोबर घोरायलाच लागला. अक्कांनी त्याला उठवू दिलं नाही. "पोचला असंल वावरात. पडू दे झाडाखाली घटकाभर." आणि किल्लारीची एक म्हातारी मुलाला घेऊन मृत्युपत्र करायला आली होती, तिचं तर विसरताच येत नाही. घर नव्या गावातलं, भूकंपानंतर मिळालेलं, आखीवरेखीव रस्त्यावरचं. पण डोळे मिटून म्हातारी जी निघाली ती जुन्या गावात शिरली. समोर मारुतीचं देऊळ, डाव्या हाताला जाऊबाईचा दरवाजा, तिथून बोळीनं आडावर... मुलगा चुळबुळत म्हणाला, "आवो बाई, ते समदं गेलं की. त्यातलं कायबी न्हाई आता." अक्कांनी बोट ओठांवर ठेवलं. म्हातारी सगळी गल्ली फिरली, उंबऱ्या-उंबऱ्यावर थांबून एकेकाला हाक मारून आली. तिचं फिरणं झाल्यावर अक्का हलकेच म्हणाल्या, "आता नव्या घराला येऊ, माय. दमली असशील." म्हातारीनं मान हलवली आणि नव्या घराच्या चारी बाजू अगदी बिनचूक सांगितल्या.

हक्कसोडीसाठी आलेल्या बहिणींनाही त्या असंच डोळे मिटायला लावायच्या. भावाला बाहेर चहाला पाठवायचं आणि बहिणीला वावरात. कुणी परत येऊन शांतपणे सही करायची, कुणी पदर डोळ्याला लावून "आज न्हाई करत" म्हणायची. अक्का दोघींनाही काही बोलायच्या नाहीत. एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्ही केली होती का हक्कसोड?" त्यांनी सुपारीचा डबा उघडला. मला वाटलं विषय संपला. मग म्हणाल्या, "केली की. वकील व्हायच्या आधीच. भाऊ चांगला हाय माझा, दर दिवाळीला साडी येती. चांगली येती." आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या... "डोळे मिटले की मी बी जाते गं. पण बांधावरच थांबते. आत जायला कुणी मना केलं न्हाई, पण पायच उचलत न्हाई."

दत्ताचं बोलणं ऐकल्यापासून मला हेच आठवत होतं. खरं सांगायचं तर मला शेत कसायचं नव्हतं. माझा संसार इथं, नोकरदार नवरा, शिकणारी मुलगी. पण आई नाही, वडील नाहीत, आणि त्या वावरात आपण पाहुणी म्हणून जायचं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. आणि सही नाही केली तर? भावाशी बोलणं तुटेल, भाऊबीज सुनी जाईल. माझ्याच टेबलासमोर कितीतरी बहिणी या काठावर येऊन बसल्या होत्या आणि मी त्यांना कायद्याची कलमं समजावली होती. स्वतःची पाळी आली तेव्हा कलमं काही कामाला आली नाहीत. अक्का असत्या तरी त्यांनी उत्तर दिलं नसतंच म्हणा. पण त्यांच्यासमोर नुसतं बसता तरी आलं असतं.

काही आठवड्यांनी दत्ता निलंग्याला आला. अक्का गेल्या म्हणून मला भेटून जायला आला होता आणि त्याच खेपेत दुसरं कामही करायचं होतं. "बाहेरचा वकील कशाला," तो अगदी सरळ मनानं म्हणाला, "तूच लिही की तुझ्या हातानं." बहिणीची हक्कसोड बहिणीनंच लिहायची, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मला राग आला, हसूही आलं. मी कॉम्प्युटर चालू केला. नावं लिहिली, गाव लिहिलं, गट क्रमांक लिहिला. चतुःसीमा आल्या.

"डोळे मिट," मी म्हणाले.

"ह्ये काय नवीन?"

"हितं सगळ्यांनाच मिटावे लागतात. सूर्याकडं तोंड करून उभा राहा. समोर काय हाय?"

जरा हसत त्यानं डोळे मिटले. "वढा हाय."

"पाठीमागं?"

"गाडीवाट."

"उजव्या हाताला?"

"तात्याचं वावर." आता त्याचा आवाज लांबून येत होता. हसू कधीच गेलं होतं.

"आणि डाव्या हाताला?"

बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, पुन्हा झाला. दत्ताच्या पायाची बोटं चपलेत हलत होती.

"डाव्या हाताला... तू हाईस, ताई. बांधावर बसलीस. पाखरं हाकून राहिलीस. आन् मला वरडून राहिलीस, दत्त्या, वढ्यात जाऊ नको."

माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. मला त्याच्याकडं बघवेना. "मग काय लिहू?" मी विचारलं.

त्यानं डोळे उघडले, रुमालानं तोंड पुसलं, नको तितका वेळ पुसत राहिला. "हक्कसोड ऱ्हाऊ दे. वाटणीचं कर. डाव्या अंगाचं तुझं लिही, मी उजव्या अंगाला ऱ्हातो."

मी जुना मजकूर पुसला आणि नव्यानं दत्ताच्या वाट्याच्या सीमा लिहिल्या. 'उत्तरेस : बहीण लता हिचे शेत.' कागद छापून हातात आला, तसं अक्कांच्या रिकाम्या खुर्चीकडं वळून मी रोजच्यासारखं विचारलं, "अक्का, बरोबर हाय ना?"

"बरोबर हाय," दत्ता म्हणाला.