गारबाईंचा एरिया

तिला सगळे गारबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मोजमापाची यंत्रं विकणारी बाई. केसाहून कितीतरी बारीक फरक दाखवणारी यंत्रं. कुठल्याही कारखान्यात शिरली की हिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी तुकडा गार होऊ द्या." गरम लोखंड फुगतं आणि फुगलेल्याचं माप खोटं, एवढी साधी गोष्ट. पण मालकाला घाई, फोरमनला घाई, सगळ्या जगालाच घाई! बाई मात्र तुकडा आणि यंत्र एकाच दगडी टेबलावर शेजारीशेजारी ठेवायची आणि खुशाल चहा मागवायची. कोणी कुरकुर केलीच तर म्हणायची, "पळत आलेल्या माणसाची नाडी दारातच बघता का हो तुम्ही?"

शहराबाहेरचा कारखान्यांचा पट्टा हा तिचा एरिया. आयता मिळालेला नव्हे बरं का! सुरुवातीला "बाई काय यंत्र विकणार?" म्हणून तिला रिसेप्शनच्या खुर्चीत अख्खा दिवस वाळत घातलेलं. तरी ही दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आता तेच लोक फोन करायचे, "ताई, जरा येऊन बघता का?" नवरा चेष्टेने म्हणायचा, "आमच्या घरात मी धाकटा. थोरला म्हणजे हिचा एरिया."

आणि नेमका तो एरियाच पणाला लागला. मुख्य ऑफिसातून नवे साहेब आले होते. वयाने तिच्याहून लहान, बोलायला लोण्यासारखे मऊ. ब्रेकचे पिस्टन बनवणाऱ्या एका कारखान्याला प्रत्येक लाइनवर मोजणीचं यंत्र हवं होतं. साहेबांनी तिला बोलावून स्वच्छ सांगितलं, "मॅडम, ही ऑर्डर हातची गेली तर एरिया गोडबोल्याला देणार. तुम्ही इथे बसून फोन घ्या." गोडबोल्या म्हणजे ऑफिसातला साहेबांचा लाडका. हसत हसत काय वाटेल ते गळ्यात मारणारा प्राणी.

या धंद्यात एक न बोललेली रीत आहे. डेमोत गिऱ्हाइकाचा तुकडा नापास करायचा नाही. चलाख विक्रेता आधी गुपचूप दोन-चार तुकडे मोजतो, त्यातला बरा बघून बाजूला काढतो आणि सगळ्यांसमोर तोच यंत्रावर ठेवतो. आकडा हिरवा, सगळे खूश, सह्या झाल्याच म्हणून समजा. ही लबाडी तिला जन्मात जमली नाही. जमवून घ्यायचीही नव्हती. समोरचा देईल तो तुकडा घ्यायचा, बस्स.

डेमोच्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर स्वतः ट्रे घेऊन आले. धुण्याच्या मशिनमधून नुकते निघालेले पिस्टन, हाताला चटका बसेल असे. "घ्या, मोजा."

"आधी गार होऊ द्या," बाई म्हणाली.

"आमच्याकडे असेच मोजतात. आजपर्यंत कधी अडलं नाही."

तिच्यासोबत आलेले ऑफिसचे साहेब तिच्या कानाशी लागले. "आत्ताच मोजा ना. गरम आहेत तोवर आकडा चांगला येईल."

"म्हणूनच नाही," ती म्हणाली, आणि चांगलं मोठ्याने म्हणाली.

पिस्टन गार झाले. पहिला ठेवला, आकडा तांबडा. दुसरा तांबडा. ट्रे संपला, पण हिरवा दिवा काही लागला नाही. सगळे पिस्टन मापाने लहान. लहान पिस्टन म्हणजे ब्रेकचं तेल झिरपणार, आणि तेल झिरपलं की पाय कितीही दाबा, गाडी थांबेल याचा भरवसा नाही. खोलीतल्या प्रत्येकाला हे कळत होतं. बाईने पेटीतून माप आधीच ठाऊक असलेला खात्रीचा नमुना काढून यंत्रावर लावला. माप तंतोतंत. मॅनेजरांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमचं यंत्र बिघडलंय," म्हणाले आणि निघून गेले.

घरी नवरा समजावत होता. "अगं, म्हण की यंत्र त्या दिवशी बिघडलं होतं. तुझं काय जातंय?"

"माझंच तर जातंय! इतकी वर्षं लोकांनी माझा आकडा डोळे झाकून मानला, तो काय मी गोड बोलते म्हणून?" ती कडाडली आणि मग रडलीही. भीती वाटत होतीच. एरिया गेला तर आपण कोण, हेच तिला समजत नव्हतं. आणि भीती वाटते याचा तिला जास्त संताप येत होता.

सकाळी साहेबांनी फोन तिच्यापुढे सरकवला. "मॅनेजरांशी बोला. यंत्रात खोट होती, नवीन आणून दाखवतो म्हणा. बाकीचं मी सांभाळतो."

तिने नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. "मॅनेजरसाहेब, त्या दिवशी डेमो दिला ती मी बोलतेय. यंत्रात काडीची खोट नव्हती. तुमचे पिस्टन लहान आहेत. माल थांबवा."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

पलीकडून मॅनेजरांचा आवाज आला, अगदी थंडपणे. "माहीत आहे हो बाई. म्हणूनच तुमचं यंत्र नको." फोन बंद झाला.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा उतरला होता, पण हेका तोच. "ऐकलं. ते इथेच विसरायचं. एरिया उद्यापासून गोडबोल्याचा. गाडीची किल्ली संध्याकाळी जमा करा."

तिने यंत्राची पेटी उचलली, डेमोनंतर तिच्यातच राहून गेलेले दोन पिस्टन पर्समध्ये टाकले आणि दाराकडे निघाली.

"आता कुठे निघालात?"

"हे पिस्टन ज्या गाड्यांत बसतात ना, त्या गाड्यांचा कारखाना माझ्याच पट्ट्यात आहे. तिथे जाऊन त्यांच्यासमोर मोजते."

"मॅडम, तुम्हाला तिथे जायचा काही अधिकार नाही!"

"एरिया उद्यापासून त्याचा ना?" बाई म्हणाली. "मग आज तो माझा आहे."