काकूंची लाल लिली

मातीतलं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात, आणि मलाही ते आवडतं. शिरपूरला मी घरोघर भाजी द्यायची. तिथे एका जैन दुकानदाराच्या घरच्या काकू माझ्याकडून सगळं घेत, पण कांदा, बटाटा कधीच नाही. त्यांच्या ओट्यावर एक कुंडी होती. त्यांच्या दिवंगत आईने दिलेली लाल लिली, चैत्राच्या तोंडावर फुलणारी. तीन वर्षं तिला फूल नव्हतं. कंद वाढून कुंडीत दाटी झाली होती, आणि जमिनीखालचा जीव दुखवायचा नाही म्हणून काकूंच्या हाताने कंद उकरणं होणार नव्हतं.

"तूच पाय वं," त्या म्हणाल्या. "आईचं एवढंच राह्यलं हाय."

"काकू, गुढीपाडव्याले फूल नाही दाखवलं तं नावाची नाही मी!"

पोळा झाल्यावर मी नऊ कंद सुटे करून आमच्या मळ्याच्या कडेला लावले. पानं जोमात आली. दिवाळीला शेजारच्या वाफ्यातल्या कांद्याची पात पायाने मोडली, तशीच लिलीचीही मोडली. पात मोडली, पाणी तोडलं की कांदा पोसतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. पाडव्याला नऊच्या नऊ बोडके.

लाजेने मान खाली घालून मी काकूंना चूक सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "जित्ते हायेत ना सारे?" मला फार वाईट वाटलं.

मग डोकं चालवलं. कांदा आपल्याला खायचा असतो. इथे कंदाला फूल पोसायचं होतं, आणि त्याचं पोट पानांवर. पुढच्या वर्षी पानांना हात लावला नाही. थंडीत पाणी तोडलं, पानं आपसूक वाळू दिली. शिवरात्रीनंतर पाणी सुरू केलं आणि आधी पान नाही, अंगठ्याएवढी कळीच वर आली. मी मळ्यात एकटीच ओरडले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दोन फुललेले कंद मातीसकट कुंड्यांत घालून घेऊन गेले. काकू बराच वेळ फुलाजवळ बसल्या, डोळे पुसले. मग एक कुंडी माझ्याकडे सरकवली.

"हे तू ठेव. माह्यामागं या घरात इले कोणी उकरून घेणार नाही."

मी कुंडी उचलली आणि भाजीच्या पाटीत मधोमध ठेवली.