गढूळ पाण्याची पाळी

नेकबेगिमला हट्टी म्हणणं म्हणजे बारतांग नदीला ओली म्हणण्यासारखं आहे. डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने तिचं गव्हाचं शेत एका दुपारी दगडांखाली गाडलं, तेव्हा सारं गाव हळहळलं. ही मात्र त्या दगडांवरून फिरून आली आणि म्हणाली, "पांढरा दगड कमी आहे. काळाच जास्त. होईल काहीतरी."

तिचं गणित साधं होतं. पांढरा दगड कंजूस, जन्मभर पाणी प्यायला तरी चिमूटभर माती देत नाही. काळा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड मनाचा मऊ. त्याच्यावर गाळ घाला, ओल ठेवा, मुळं सोडा. मग तो गंजल्यासारखा तांबूस होतो, सुटत जातो आणि शेवटी शिजून मातीच होऊन बसतो. माहेरच्या डोंगरात तिने हे लहानपणापासून पाहिलं होतं.

नवरा अकिमशो भला माणूस, पण धीर बेताचा. त्यात त्याचा थोरला भाऊ ओदिनाशो राजधानीत, दुशान्बेत ट्रक चालवायचा आणि फोनवर त्याची एकच टकळी: "दगड खाणार आहात का? सामान बांधा, मी न्यायला येतो." शेवटी अकिमशोने बायकोला बजावलं, "तिसऱ्या वर्षी तिथे गहू उभा राहिला तर राहू. नाहीतर दादाच्या ट्रकमध्ये बसायचं. रडायचं नाही."

"रडतंय कोण?" ती म्हणाली.

गावात पाण्याच्या पाळ्या मिरोब ठरवतो, आणि मिरोब होते म्हातारे कुर्बोनबेक. झऱ्याच्या नितळ पाण्यावरून लोक एकमेकांच्या उरावर बसायचे. उन्हाळ्यात दुपारी बर्फ वितळून येणारं राखाडी, गढूळ पाणी मात्र कोणालाच नको असायचं. कोवळी रोपं त्याच्या गाळाखाली जातात. नेकबेगिमने नेमकं तेच मागितलं.

"बाई, लोक पाणी मागतात, तू चिखल मागतेस," कुर्बोनबेक म्हणाले.

"पाणी वाहून जातं, बोबो. चिखल घरी राहतो."

गाव पोट धरून हसलं. तिने बांध घातले, गढूळ पाणी कोंडलं, गाळ खाली बसू दिला. दोन उन्हाळ्यांत दगडांवर वीतभर थर धरला. पहिल्या थरातच तिने लसूणघास लावला होता, तो गाळातून डोकं काढत चांगला माजला, आणि तिसऱ्या वसंतात तो मोडून तिने गव्हासाठी नांगरट केली.

इथे अकिमशोला बायकोची दया आली. सगळ्यांच्या बायका नितळ पाण्याला आणि आपली तेवढी चिखलात, हे त्याच्या मनाला लागलं. वाळवलेल्या तुतीची पिशवी कुर्बोनबेकांच्या हाती ठेवून त्याने सकाळची एक पाळी मिळवली, आणि बायकोला न सांगता झऱ्याचं स्वच्छ पाणी पाटातून भरधाव शेतात सोडलं. आता नितळ पाणी भुकेलेलं असतं, वाटेत दिसेल ती माती खात जातं, हे त्याला कोण सांगणार?

नेकबेगिम पोचली तेव्हा अर्धा गाळ नदीला गेला होता आणि दगड पुन्हा दात काढून बसले होते.

"कोणी सोडलं पाणी?"

"मीच. म्हटलं, तुलाही एकदा चांगलं पाणी मिळावं."

ती बांधावर मटकन बसली आणि रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, अकिमशोने हे कधी पाहिलं नव्हतं. तो घाबरला. काहीतरी करायचं म्हणून दगड वेचू लागला, तर पहिलाच दगड हातात फुटला. त्याने दुसरा उचलला. आत घासाची मुळं शिरली होती आणि रंग तांबडा झाला होता. बोटांनी चोळला तसा त्याचा भुगा पडला.

"गुलशानच्या आई," लेकीच्या नावाने हाक मारत तो हळूच म्हणाला, "हा शिजलाय."

तिने भुगा घेतला, हुंगला, जिभेला लावून पाहिला. "शिजलाय," ती म्हणाली, आणि डोळे पुसायच्या आधीच हसायला लागली.

त्या दुपारी अकिमशो स्वतः मिरोबाकडे गेला आणि चहाला जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "बोबो, या उन्हाळ्यातही चिखल आमचाच."

"म्हणजे तूही?"

"मीही."

लोक हसले. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणत नवराबायकोने दगड कुटले, उरलेल्या गाळात शेण कालवलं आणि गहू पेरला. कुठे दाट, कुठे विरळ, पण उभा राहिला.

शरदात ओदिनाशो रिकामा ट्रक घेऊन दारात हजर. नेकबेगिमने नव्या गव्हाची गरम रोटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक खाल्ली, दुसरी घेतली, शेताकडे पाहिलं.

"मग मी एवढा ट्रक आणला तो कशाला?"

"हा दुधाचा शिरचोय प्या आधी, भावजी," तिने त्याच्या हाताशी फावडं टेकवून ठेवलं. "मग नदीकाठच्या गाळाच्या दोन-चार खेपा टाका. शेजारचा तुकडाही काळ्या दगडाचाच आहे."