तळपायांचं इन्स्पेक्शन

माघ महिन्यात यांना लोणावळ्याच्या बाजूच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडलं. एसटीनं टाकव्यापर्यंत आलो. पुढची वाडीची गाडी निघून गेली होती, म्हणून चालत निघालो. ट्रंक यांनी खांद्यावर घेतली. चढावर दोनदा खाली ठेवली. पूर्वी सुट्टीवर यायचे तेव्हा हीच ट्रंक घेऊन न थांबता चढायचे.

माझे मालक इन्फंट्रीत हवालदार होते. पेन्शनीवर आल्यावर पिणं वाढलं आणि शेवटी शेवटी सकाळपासून सुरू व्हायचं. ते दिवस मी लिहिणार नाही. लिहायचं ते दारू सुटल्यानंतरचं. कारण आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं, सुटली की माणूस बरा झाला. केंद्रातल्या ताईंनी निघताना मला बाजूला घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "बाटली सुटलीय. शरीराला अजून वेळ लागेल. कितीतरी महिने काही ना काही होत राहील. घाबरू नका, आणि संशय घेऊ नका." मी नुसती मान हलवली. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तशी माझी लहानपणापासूनची सवय.

घरी आल्यावर यांनी स्वतःला रूटीन लावून घेतलं. पहाटे उठायचं, अंगणात पीटी, दाढी, गोठा, मग चहा. अंथरुणाची घडी अशी घालायचे की कोपऱ्याला कोपरा लागला पाहिजे. रूटीन चुकलं नाही. पण शरीर हुकूम ऐकत नव्हतं.

चहाची बशी हातात थडथड वाजायची. सासूबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, "भूकंप झाला का रं?" हे हसायचे. मग मी त्यांना स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा द्यायला लागले. दाढी करताना कापायचं. थंडीच्या दिवसांत रात्री बनियन पिळून निघेल एवढा घाम यायचा. झोपेत मोठ्यानं कुणाला तरी ऑर्डर द्यायचे. म्हशीला पेंड घातल्याचं विसरून परत घालायचे. गोड खायची अशी ओढ लागली की डबा उघडून गुळाचे खडे तोंडात टाकायचे. सासूबाईंनी डबा लपवला.

"दारूचा गुत्ता बंद केला आन् आता हा गुळाचा काढलाय," त्या म्हणाल्या.

"आये, हे रेशन सँक्शन झालंय," हे म्हणाले.

"कुनी केलं सँक्शन? तुझ्या मेजरनं का माज्या सुनंनं?"

हे सगळं आम्ही निभावत होतो. पायांचं मात्र कळलं नाही. घरी आल्यावर एकदाच म्हणाले होते, "तळव्याला मुंग्या आल्यासारखं वाटतं." परत ते बोलले नाहीत. मी बघत होते. अंधारात भिंतीला हात लावून चालायचे. रात्री तळपाय जळतात म्हणून पांघरूण फेकायचे आणि सकाळी विचारलं तर म्हणायचे, "ऑल ओके." पलटणीत सारखं सारखं सिक रिपोर्ट करणाऱ्याला कामचोर म्हणतात, असं त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. तो नियम त्यांनी घरातही चालवला.

वाडीतल्या लोकांना फक्त एवढंच दिसत होतं, की हवालदार झोक जात चालतो आणि त्याचा हात कापतो. त्याचा अर्थ त्यांनी आपापला लावला. सासूबाईंचाही विश्वास बसेना. रोज दिवेलागणीला त्या यांना जवळ बोलवायच्या.

"आ कर."

पन्नाशीचा हवालदार आ करायचा. त्या वास घ्यायच्या.

"गुळाचा येतोय. जा."

मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

वैशाखात राब भाजायचा होता. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या जागी शेण, टहाळे, पालापाचोळा आणि वरून माती असे थर देतात आणि पावसाच्या आधी जाळतात. वरून राख झालेली दिसते, आत बराच वेळ निखारा असतो. आजवर पैसे देऊन गडी लावत होतो. यंदा हे म्हणाले, "मी करणार." दिवसभर त्यांनी टहाळे वाहिले. वारा पडल्यावर राब पेटवला. शेजारच्या खाचरातले धोंडूआबा मदतीला आले होते. मी बांधावर पाण्याची कळशी घेऊन बसले होते. त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं, हे मला आठवतं.

जाळ बसला. एक फांदी अर्धवट जळून बाहेर आली होती ती आत ढकलायला हे कडेला गेले. फांदी ढकलली आणि तिथंच उभं राहून धोंडूआबांशी बोलायला लागले. वाऱ्याचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मी कळशी उचलून निघाले, तर वाटेत त्यांची एक चप्पल पडलेली दिसली. उजव्या पायाची. कडेनं रबर वितळलं होतं. मी वर बघितलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा होता आणि राखेत घोट्यापर्यंत रुतला होता. हे शांतपणे बोलत होते.

मी हाक मारली नाही. तेवढा वेळ नव्हता आणि आवाजही निघाला नसता. धावत गेले आणि दोन्ही हातांनी त्यांना जोरात ढकललं. ते बांधावर पालथे पडले.

"अगं ए! येड लागलं का?" धोंडूआबा ओरडले. "चारचौघांत नवऱ्याला ढकलतीस?"

मी यांच्या पायावर कळशी उपडी केली. वाफ निघाली. तळव्याची कातडी पांढरी झाली होती, टाचेपाशी काळी. आबा वाकून बघत राहिले. त्यांचा चेहरा बदलला.

"एवढं भाजलं आन् तुला कळलं न्हाई, हवालदार? पिऊनच आलायस तू."

हे पायाकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याचा पाय आहे. मग म्हणाले, "चप्पल कुटं गेली?"

आबा माणूस वाईट नाहीत. ते घरी पळत गेले आणि बाटली घेऊन आले. जखमेवर ओतायची आणि दोन घोट पाजायचे, म्हणजे नंतर कळ उठली तरी सोसेल, असं त्यांचं म्हणणं. बूच काढूनच आणली होती. वास माझ्यापर्यंत आला. आबांनी ती यांच्या हातात दिली.

यांनी ती धरली. हात एवढा हलत होता की आतली दारू काचेवर आदळत होती. मला वाटलं, माघापासूनचं सगळं वाया गेलं. पाय भाजल्यापेक्षा मला त्या बाटलीची भीती जास्त वाटली, हे खरं आहे.

हे म्हणाले, "आबा, ही न्या. पायाला बी नको आन् मला बी नको." बाटली त्यांनी जमिनीवर ठेवली. बाटलीवरची नजर न हलवता मला म्हणाले, "शेलारला कॉल दे."

नाईक शेलार यांच्याच सेक्शनमध्ये होते, यांना अजून उस्ताद म्हणतात. आता उर्स्याच्या टोलनाक्यापाशी एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत. मी त्यांच्याशी कधी फोनवर बोलले नव्हते. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळते. आबांनी यांना पाठीवर घेऊन घरी आणलं. सासूबाईंना पायावर पाणी घालत बसवलं आणि मी टाकीपर्यंत पळाले.

"हॅलो. मी हवालदारांच्या घरून."

"वहिनी? बोला."

"पाय भाजलाय. राबात. त्यांना कळलंच न्हाई."

"प्यालेत?"

"न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

"कळलं. ऐका. थंड पाणी घालत ऱ्हावा. हळद न्हाई, तेल न्हाई, काय बी लावू नका. स्वच्छ फडकं सैल गुंडाळा. पाय टेकू देऊ नका. रस्ता कुठवर चालू हाय?"

"वड्यापातूर. पुढं पाइपलाइनला खांदून ठेवलाय."

"वड्याला येतो. उस्तादांना सांगा, शेलार निघाला. आऊट."

ते मेहुण्याचा पिकअप घेऊन आले. गाडी ओढ्याला ठेवून चालत घरी आले, पाय बघितला, एकही प्रश्न विचारला नाही. यांना खांद्यावर टाकलं आणि चालायला लागले. पुढं बॅटरी धरून धोंडूआबा, मागं मी.

"उस्ताद, वजन वाढलंय," शेलार भाऊजी धापा टाकत म्हणाले.

"गुळाचं हाय," हे खांद्यावरून म्हणाले.

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि पहिलाच प्रश्न केला, "किती प्यायले होते?"

"न्हाई हो साहेब..." शेलार भाऊजी बोलायला लागले.

"मी घरच्यांना विचारतोय."

माझ्याशिवाय घरचं कुणी नव्हतं. मी भिंतीकडे बघत बोलायला सुरुवात केली. माघापासून घेतली नाही म्हणून सांगितलं. हाताचं, घामाचं, मुंग्यांचं, भिंतीला हात लावून चालायचं, चप्पल निसटल्याचं सांगितलं. किती बोलले कुणास ठाऊक. डॉक्टरांनी मला मध्ये थांबवलं नाही. मग त्यांनी यांना डोळे मिटायला लावले आणि चांगल्या पायाला कापूस लावत वर वर गेले.

"कळलं की सांगा."

बोटं झाली, तळवा झाला. हे गप्प. घोट्याच्या वर आल्यावर म्हणाले, "आता."

डॉक्टर आमच्याजवळ स्टूल ओढून बसले. म्हणाले, जास्त दारूनं पायाच्या नसा मरगळतात. दारू बंद केल्यावर त्या हळूहळू जाग्या होतात, पण महिने लागतात, आणि थोडं बधिरपण राहूही शकतं. हाताचं कापणं, घाम, झोप, हेही त्यातलंच. "यांनी परत घेतलेली नाही. उलट, घेतली नाही म्हणूनच हा पाय बरा व्हायची आशा आहे," ते म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला सांगितलं, "रोज संध्याकाळी दोन्ही तळवे उजेडात बघायचे. काटा, फोड, भेग. त्यांना कळणार नाही, तुम्हाला बघावं लागेल."

शेलार भाऊजी एकदम म्हणाले, "फूट इन्स्पेक्शन." आणि बाहेर गेले.

पाय कापावा लागला नाही. ड्रेसिंगला पावसाळा अर्धा गेला. दर खेपेला शेलार भाऊजी गाडी घेऊन यायचे. धोंडूआबांनी आमचं भात स्वतःच्या भाताआधी लावलं. बाटलीचं कुणी काढलं नाही. आबा एवढंच म्हणाले, "मला काय ठावं बाबा, आसं बी आस्तं." सासूबाईंनी वास घेणं बंद केलं आणि गुळाचा डबा होता तिथं आणून ठेवला.

तळवे बघायला मात्र हे तयार होईनात. पाय ओढून घ्यायचे.

"बायकूच्या हातात पाय द्यायचं बरं दिसत न्हाई."

"लग्नात पाया पडली तवा बरं दिसलं व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "दे मुकाट्यानं."

एके दिवशी पाय देताना ते स्वतःहून बोलायला लागले. बर्फातल्या चौकीवर रोज संध्याकाळी सेक्शनच्या जवानांचे बूट-मोजे उतरवून बोटं बघायचं काम यांचं होतं. बोट पांढरं दिसलं तर ते स्वतःच्या काखेत धरून बसायचे. तिथं सांगली बाजूचा संतोष नावाचा शिपाई होता. नवीन होता, बुजरा होता. हवालदारानं आपला पाय हातात घेणं त्याला कसंतरी वाटायचं. चौकीवर वादळ होतं त्या दिवसांत यांना ड्यूटीमुळं स्वतः बघता आलं नाही. विचारलं की तो म्हणायचा, "ठीक है उस्ताद." बूट उतरवला तेव्हा बोटं काळी झाली होती. पायाबरोबर ताप आला. हवामानामुळं हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. तो चौकीवरच गेला.

"दुखत नव्हतं त्याला," हे म्हणाले. "दुखलं असतं तर वरडला असता. लाजला."

मी पाय पुसत होते. पुसून झाल्यावरही धरून ठेवला.

त्या दिवसापासून हे पाय ओढत नाहीत. दिवा लागला की ओट्यावर बसून दोन्ही पाय पुढं करतात आणि म्हणतात, "चेक." मी बघते आणि सांगते. काटा असला तर काढते. हात अजून थोडा कापतो, पण बशी आता वाजत नाही. झोप लागते.

मागच्या आठवड्यात मी ओल्या फडक्यानं डावा पाय पुसत होते, तर हे म्हणाले, "गार लागलं."

"कुटं?"

"अंगठ्याला."

मी परत लावून बघितलं. डोळे मिटायला लावले आणि परत लावलं. "गार," ते म्हणाले. सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं म्हणून. यांनी दुसरा पाय पुढं केला.

रात्री जेवायला बसल्यावर यांनी पहिला घास तोडला आणि ताटाबाहेर पानावर ठेवला. त्यावर गुळाचा खडा ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "कुनाचा?"

"संतोषचा."

त्या मुलाला मी कधी बघितलं नाही. त्याची आई कुठल्या गावात असेल, मला माहीत नाही. पान उचलून मी बाहेर कट्ट्यावर नेऊन ठेवलं आणि हात जोडले. मग आत येऊन यांना भात वाढला.