धोब्याच्या खुणेच्या तीन दीर्घिका

माझी एमएस्सी बाबांना चालली, कारण ती नागपुरातच होती. पुढे खगोलशास्त्रातल्या संशोधनासाठी बंगलोरला जायचं म्हटल्यावर मात्र त्यांचं डोकं फिरलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आठवडाभर घरात धुसफूस चालली. शेवटी बाबांनी फर्मान काढलं, "तू काय शिकून राहिली, ते कॉलनीतल्या लोकाईले समजावून सांग. त्याईले समजलं त जाय. नाही त अमरावतीच्या स्थळाले होकार कळवतो."

मीही त्यांचीच मुलगी. कॉलेजातून स्लाइड दाखवायचं यंत्र मागून आणलं. सदर भागातल्या आमच्या कॉलनीच्या हॉलात पडदा म्हणून आईची पांढरी चादर ताणून बांधली. यंत्र अन् मी पार मागे, बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

आकाशाचे फोटो बरेचदा उलटे असतात, आकाश पांढरं अन् तारे काळे. कुणीतरी म्हटलं, तीळ सांडले वाटते. मी सांगितलं, यातला एकेक तीळ म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एकेक दीर्घिका, आणि हा त्यांचा समूह. मग मला जोर चढला. "खाली उजव्या कोपऱ्यात तिघी चिकटून बसल्या आहेत, बघा. अशा टोळ्या हळूहळू मोठ्या समूहात ओढल्या जातात." लोक माना डोलवत होते. मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं.

मी दुसरी स्लाइड लावली. आकाशाचा भाग बदलला. त्या तिघी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"अवं, हे त तुमच्या घरची खूण," शेजारच्या काकू आईला म्हणाल्या.

आमचा धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचा. आमचे तीन ठिपके, काकूंचे दोन ठिपके अन् एक रेघ. साऱ्या कॉलनीला एकमेकांच्या खुणा पाठ. हॉल हसून हसून बेजार झाला. बाबा हसले नाहीत. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. गेलं बंगलोर, आला अमरावतीवाला.

"बरोबर आहे," मी तणतणत म्हटलं, "दुर्बीणवालेही हेच करतात. फोटो बदलून बघायचा. बदललं ते आकाशातलं, तसंच राहिलं ते आपल्या घरचं."

हसू ओसरलं तसे बाबा उठले. "ह्या दीर्घिका एका जागी बसून राहतात का?"

"नाही. भयंकर वेगाने पळतात."

"मंग पांगत काहून नाही?"

"दिसतं तेवढ्याचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरायला पुरत नाही. न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. ते काय, कुणालाच माहीत नाही."

"कुणालेच? मंग एवढे पुस्तकं कायले वाचले?"

"पुस्तकात नाही, म्हणून तर जायचं आहे."

बाबा खाली बसले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "अमरावतीवाल्याईले नाही म्हणून कळवतो." आणि मला, "जाय. पण ते काय आहे, ते समजलं का पहिले मले सांगजो."

मी गेले. सुट्टीत घरी आले की बॅग खाली ठेवायच्या आत प्रश्न, "समजलं का वं?"

"नाही, बाबा."

"मंग तिथं करून काय राहिली?"

मला नोकरी लागली, माझे केस पिकले, तरी हेच. शेवटच्या दुखण्यात त्यांनी पुन्हा विचारलं. माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"नाही समजलं, बाबा."

"बरं. मंग समजल्यावरच ये तिकडे."

मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. ते काय आहे, अजून समजलेलं नाही. त्यामुळे मला तिकडे जायची घाई नाही.