शेड बांधताना झालेला वाद

महासाथीच्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्टच्या शेवटी, नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या घरामागे कुंपणापलीकडे एक शेड बांधली जात होती. सायकली आणि गवत कापायचं यंत्र मावेल एवढीच. एरवी हे काम चार-पाच दिवसांचं. या शेडला तीन आठवडे लागले. बांधून घेणारा शेजारी आयरिश होता, बांधणारा सुतारही आयरिश होता, आणि आयर्लंडमधल्या गेलिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दोघांचे संघ समोरासमोर आले होते.

हा खेळ मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता. पंधरा-पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांच्या आत तो आपटावा किंवा पायावर घेऊन परत झेलावा लागतो. चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांड्यावरून गेला तर एक. खेळणारे शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी असे असतात आणि प्रत्येक जण आपल्या परगण्याकडून खेळतो. परगणा बदलून पाठिंबा देण्याची पद्धत नाही. शेजारी पश्चिम किनाऱ्यावरच्या परगण्याचा होता, सुतार उत्तरेकडच्या. पुढे मी त्यांच्या संघांना पश्चिम आणि उत्तर एवढंच म्हणणार आहे.

सुतार रोज दुपारी झूटरमेरहून व्हॅन घेऊन यायचा. शेजारी विमानतळावर मालवाहतुकीच्या पाळ्या करत असे आणि सकाळची पाळी संपवून त्याच सुमारास घरी पोचायचा. माझा नवरा वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये असे आणि मी खाली स्वयंपाकघराच्या टेबलावर भाषांतराचं काम करत असे. मागचं दार उघडं असल्यामुळे दोघांचं सगळं बोलणं ऐकू येई.

मी पुण्यात एका दैनिकाच्या क्रीडा पानावर नऊ वर्षं उपसंपादक होते, हे शेजाऱ्याने सुताराला पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून सुतार मला एडिटर म्हणू लागला.

"एडिटर, तुम्ही तटस्थ आहात," तो कुंपणावरून म्हणाला. "आम्ही काय बोलतो ते लिहून ठेवा. हा माणूस नंतर शब्द फिरवतो."

मी वही काढली. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे पश्चिम, उजवीकडे उत्तर.

शेजाऱ्याच्या दृष्टीने हा वाद नुसता करमणुकीचा नव्हता. त्याचे वडील ऐंशीच्या पुढचे होते, पश्चिमेला एका छोट्या शेतावर एकटे राहत होते. पश्चिमेचा संघ शेवटचा जिंकला तेव्हा ते शाळेत होते. त्यानंतरच्या सगळ्या अंतिम सामन्यांत संघ हरला होता, आणि त्यातले बरेचसे शेजाऱ्याने दहा वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या शेजारी बसून पाहिले होते. महासाथ सुरू झाल्यापासून बापलेकांची भेट नव्हती. आता लशीचे दोन्ही डोस झाले होते, फोनवर प्रमाणपत्र होतं, विमानं सुरू होती. सामना शनिवारी होता. शनिवारची पाळी घेणार की रजेवर जाणार, हे त्याला त्याआधीच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत साहेबाला कळवायचं होतं.

"जिंकायची शक्यता असेल तर जाईन," तो म्हणाला. "हरणारच असतील तर म्हाताऱ्याचं पडलेलं तोंड बघायला जाणार नाही. ते मी पुष्कळदा बघितलंय."

"जा की. जिंकताय तुम्ही," सुतार म्हणाला.

"आम्ही? आमचा गुण काढणारा एक पोरगा होता, त्याचा पाय कामातून गेलाय. आता जो मारतो त्याचा चेंडू पाच पावलांवरून प्रेक्षकांत जातो."

"आणि आमची अर्धी टीम गेल्या महिन्यात अंथरुणात होती. कोविड झालेली पोरं आहेत ती. जिना चढताना धापा टाकतात. तुम्ही नुसतं पळलात तरी पुरे."

"धापा टाकत उपांत्य सामना जिंकले ते."

"तुम्ही तर गतविजेत्यांना हरवून आलाय."

"ते चुकून झालं."

"अर्धा वेळ मागे होतात, मग बरोबरी केलीत, मग जादा वेळेत जिंकलात. हे सगळं चुकून?"

"हो. आमच्याकडे कुणालाही विचार."

मी लिहून घेत होते. ऐकलं तसं लिहायचं, विशेषण वाढवायचं नाही, विषयांतर गाळायचं, हे आमच्या डेस्कचे नियम होते. त्याप्रमाणे मी सामन्याशी संबंध नसलेली वाक्यं घेतली नाहीत. वडिलांचा टीव्ही कधीकधी बाजूने थापट मारल्याशिवाय लागत नाही, हे शेजाऱ्याने दोनदा सांगितलं. शेवटची दहा मिनिटं वडील खुर्चीत बसत नाहीत, उभे राहतात, हेही त्याने सांगितलं. तिकडे सामना किती वाजता सुरू होतो आणि इथे तेव्हा किती वाजलेले असतात, हे त्याने सुताराला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. हे सगळं मी विषयांतर म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात भिंती उभ्या राहिल्या. सुतार छताच्या पट्ट्या ठोकता ठोकता बोलत असे. खाली शेजारी दीड मीटरवर बागेतली खुर्ची मांडून बसे. अंतराचा नियम तेव्हाही होता, आणि शेड जसजशी आतून बांधून होत आली तसतसा शेजाऱ्याला दाराबाहेरून ओरडून बोलावं लागू लागलं.

"सगळा देश तुमच्या बाजूने आहे," सुतार आतून म्हणाला. "आमच्या बाजूने माझी आई. तीही नाइलाजाने."

"सगळा देश आमच्या बाजूने असतो तेव्हा आम्ही हमखास हरतो."

"मग माझ्या आईला पाठवतो तुमच्याकडे."

"नको. तिची तुमच्याकडेच गरज आहे."

"एडिटर, लिहिलंत?"

"लिहिलं," मी म्हणाले.

दोघांपैकी एकानेही आपला संघ जिंकेल असं एकदाही म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ एवढाच लावला की दोघे प्रामाणिक आहेत आणि त्यांना आपापल्या संघाची उणीदुणी चांगली माहीत आहेत.

सामन्याच्या आधीच्या रविवारी दोघांनी मला निष्कर्ष वाचून दाखवायला सांगितला. सुतार रविवारी काम करत नसे, पण त्या दिवशी मुद्दाम आला. मी कुंपणाशी उभी राहून वाचलं. उत्तरेच्या विरोधातला मुख्य मुद्दा आजारपणाचा आहे, पण त्यानंतर तो संघ एक मोठा सामना जिंकला आहे, म्हणून तो मुद्दा बाद. पश्चिमेच्या विरोधातला मुख्य मुद्दा जायबंदी खेळाडूचा आहे आणि तो अजून कायम आहे. पश्चिमेचा माणूस स्वतःच म्हणतो की त्यांचा आधीचा विजय चुकून मिळालेला आहे. त्याला आपल्या संघाची माहिती बाहेरच्यापेक्षा जास्त असणार. सबब पश्चिम हरण्याची शक्यता अधिक.

शेजाऱ्याने चहाचा मग खाली ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग शनिवारची पाळी घेतो."

तो घरात गेला. सुतार शेडच्या अर्धवट दारापाशी उभा होता.

"ते असं वाचायचं नसतं, एडिटर," तो म्हणाला.

"तुम्ही बोललात तेच लिहिलं आहे."

"तेच तर," तो म्हणाला आणि व्हॅनकडे गेला.

नेमकं काय चुकलं हे मला त्या दिवशी कळलं नाही. मी वही पुन्हा वाचली. एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे आईचा फोन आला. ती सांगलीला एकटी राहते. त्या काळात व्हिडिओ कॉलवर ती आधी तिथले रुग्णांचे आकडे सांगायची, मग इथले विचारायची, मग भाजी काय केली ते. त्या दिवशी मी तिला शेडची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर तिने विचारलं,

"तुझ्या बारावीच्या निकालाच्या आधी तुझे बाबा गल्लीत काय सांगत होते, आठवतं का गं?"

"नाही."

"आमच्या मुलीचं काही खरं नाही, पास झाली तरी पुष्कळ."

"असं म्हणायचे?"

"भेटेल त्याला. आणि पेढ्यांची ऑर्डर चार दिवस आधी देऊन ठेवली होती. मला ती हलवायाकडून कळली. आपल्या माणसाचं चांगलं आपल्या तोंडाने बोलत नाहीत, बाई. समोरच्याने बोलायचं असतं. तो सुतार बरोबर बोलत होता, तू मधे कशाला पडलीस?"

फोन ठेवला तेव्हा साडेनऊ वाजले होते.

सुताराने दोन आठवडे पश्चिमेची बाजू मांडली होती, कारण शेजाऱ्याला ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची होती. शेजाऱ्याने सुताराच्या संघाचं तेच केलं होतं. मी मधे बसून दोघांची साक्ष काढली होती.

दैनिकात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर छोट्या चौकटीत दुरुस्ती छापली जाते. तिचे नियम ठरलेले असतात. आधी काय छापलं ते सांगायचं, मग बरोबर काय ते सांगायचं, सबबी द्यायच्या नाहीत. मी त्याच पद्धतीने इंग्रजीत लिहिलं. मराठीत ते असं होईल:

"रविवारी वाचून दाखवलेल्या निष्कर्षात चूक होती. सामना कोण जिंकेल याविषयी या वहीत कोणताही पुरावा नाही. पश्चिमेच्या माणसाने टीव्हीला बाजूने थापट मारावी लागते हे दोनदा सांगितलं आणि सामन्याची वेळ तीनदा विचारली. ही विधानं विषयांतर समजून गाळण्यात आली होती. ती मूळ विषयाचीच होती. त्याला हा सामना वडिलांच्या शेजारी उभं राहून पाहायचा आहे, याचा पुरावा पुरेसा आहे."

कागद घडी घालून मी शेजाऱ्यांच्या पुढच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून आत टाकला. शेजारी त्या दिवशी घरी होता. पावणेबाराला त्याचं बागेकडचं दार उघडल्याचा आवाज आला. तो फोन कानाला लावून उभा होता.

"शनिवारी जमणार नाही," तो कुणाला तरी डचमध्ये सांगत होता. "वडील. नाही, आजारी नाहीत. सामना आहे."

फोन बंद करून तो माझ्याकडे वळला.

"वडिलांना कळवलंत?" मी विचारलं.

"कळवलं. म्हणाले, कशाला पैसे घालवतोस, तसंही हरणारच आहेत." त्याने फोन खिशात टाकला. "मग म्हणाले, शुक्रवारी किती वाजता पोचतोस?"

सामना पश्चिमेचा संघ हरला. मी तो घरी संगणकावर पाहिला. पश्चिमेला एक पेनल्टी मिळाली होती, ती बाहेर गेली. उत्तरेने दोन गोल केले. शेवटच्या दहा मिनिटांत निकालाविषयी शंका उरलेली नव्हती. तरी ती दहा मिनिटं मी उभी होते, हे मला सामना संपल्यावर लक्षात आलं.

सोमवारी सुतार दाराच्या बिजागऱ्या बसवायला आला. मी अभिनंदन केलं.

"नशीब होतं," तो म्हणाला. "तो आला का?"

"उद्या येणार आहे."

त्याने बिजागऱ्या बसवल्या, पण कडी राहिली आहे असं सांगून तो मंगळवारी परत आला. कडी बसवायला दहा मिनिटं लागतात. तो तास-दीड तास बागेत होता. शेजारी दुपारी आला, बॅग घरात ठेवून तसाच मागे आला. दोघांनी हात मिळवले नाहीत, कोपराला कोपर लावलं.

"पेनल्टी," सुतार म्हणाला.

"बघितली."

"म्हातारा कसा आहे?"

"शेवटची दहा मिनिटं उभा होता. मी पण. शिट्टी वाजल्यावर टीव्ही बंद केला, मला म्हणाला चहा टाक, आणि गाईला बघायला गेला. अर्ध्या तासाने आला." शेजाऱ्याने नव्या दाराची कडी लावून पाहिली, उघडून पाहिली. "मग रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही पंचांना शिव्या दिल्या. फार मजा आली."

"पंचांचं काही चुकलं नव्हतं."

"नव्हतंच. म्हणून तर वेळ लागला."

सुतार हसला आणि हत्यारं गोळा करू लागला. पेटी बंद करताना त्याने विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आमचं काही खरं नाही," शेजारी म्हणाला. "म्हातारी झाली टीम. पहिल्याच फेरीत घरी येतील."

"अंतिम सामन्याला नक्की पोचाल तुम्ही."

"कुठलं."

"म्हणजे तुला तिकडे जायला नको."

"नकोच," तो म्हणाला.

वही टेबलावर होती, मी ती उघडली नाही. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यासाठीची रजा त्याने विमानतळावरून घरी येतानाच साहेबाकडे मागून ठेवली होती. हे मला त्याच्या बायकोकडून कळलं.