न कापायचं गवत

सिस्टर गवत डोळे मिटून विकत घ्यायच्या. नर्सरीत गेलं की आवडलेली कुंडी रांगेतून ओढून मोकळ्या जागेत ठेवायची, शेजारच्या कठड्यावर पदर आवरून बसायचं आणि डोळे मिटायचे. वारा आला की गवत हलणार, आणि हलताना ते कसं वाजतं हे ऐकल्याखेरीज त्या 'घेते' म्हणत नसत. वारा पडलेला असला तर तो येईपर्यंत थांबायचं. नर्सरीवाल्याने एकदा कंटाळून विचारलं, "मॅडम, टेबल फॅन लगा दूँ क्या?" सिस्टर डोळे न उघडताच म्हणाल्या, "नको रे बाबा. पंखा नुसता ढकलतो." त्याला ते कितपत कळलं कोण जाणे, पण त्यानंतर आम्ही दिसलो की तो आधी चहा सांगायचा.

'आम्ही' म्हणजे त्या आणि मी, कारण स्कूटी माझी होती. घरी बसून भाषांतरं करणारी बाई रिकामीच असणार अशी आमच्या चौकातल्या लोकांची खात्री आहे, आणि सिस्टरांनी त्या खात्रीचा पुरेपूर फायदा घेतला. "मिने, काढ गं गाडी," एवढंच त्या खिडकीतून म्हणायच्या. मग आम्ही कधी पवईला, कधी जोगेश्वरीला, कधी आरेच्या रस्त्यावरच्या नर्सरीत. सुरुवातीला मी पाय आपटत जायचे. पुढे पुढे मीही डोळे मिटायला लागले. डोक्यावर हिरव्या जाळीची सावली, ओल्या मातीचा वास, रस्त्यावरचे हॉर्न लांब गेल्यासारखे, आणि मधेच कुठून तरी सुटलेली ती बारीक सळसळ. तिथे बसल्या बसल्या मी कितीदा तरी पेंगले आहे. सिस्टर मला उठवायच्या नाहीत. जाग आली की कुंडी स्कूटीच्या पायदानावर चढलेली असायची.

चारकोपच्या आमच्या सेक्टरात बैठी घरं आहेत, एकमेकांना चिकटलेली, आणि मधे सगळ्यांचा मिळून एक चौक. सिस्टरांचं घर कोपऱ्यातलं, म्हणून त्यांच्या दारापुढे दोन खाटा मावतील एवढी माती होती. सगळी नोकरी त्यांनी सरकारी इस्पितळात नर्स म्हणून काढली होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या तरी चौकातला ताप, टाके, इंजेक्शन, बाळाला न्हाऊ घालणं सगळं त्यांच्याकडेच जायचं. दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण कुरियरवालासुद्धा "सिस्टर कुठे राहतात?" असंच विचारत यायचा.

नवीन आणलेलं गवत त्या लगेच मातीत लावत नसत. "आधी ऑब्झर्व्हेशन," म्हणायच्या आणि कुंडी खिडकीत ठेवायच्या. सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायच्या, पातं बोटांत धरून शेंड्यापर्यंत न्यायच्या, बुंध्याशी नाक नेऊन वास घ्यायच्या. पांढऱ्या मोठ्या तुऱ्यांचं ते पांपास गवत, जे आता सगळ्यांच्या लग्नाच्या फोटोंत मागे उभं असतं, ते मला फार आवडलं होतं. त्यांनी ते नापास केलं. "इथली दमट हवा याला सोसायची नाही. रोज उठून कण्हत बसेल." जांभळट पात्यांचं, मांजराच्या शेपटीसारख्या तुऱ्यांचं फाउंटन ग्रास पास झालं. पिवळ्या आडव्या पट्ट्यांचं पुष्कळ दिवस अधांतरी होतं, शेवटी "दिसायला नखरेल आहे पण आवाज गोड आहे" म्हणून घेतलं. वाळा मात्र ऑब्झर्व्हेशनशिवाय आत आला. तो म्हणे घरचा माणूस.

फूलझाड त्यांनी एकही लावलं नाही. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी नंदू, मूळ मालवणकडचा, मनाने मोठा आणि हाताने घाईचा, तो त्यांना येता-जाता टोकायचा. "सिस्टर, एखादा गुलाब तरी लावा ना. बाहेरच्याला वाटतं घर बंद पडलंय, तण माजलंय." सिस्टर हसायच्या. "अरे, फूल बघून होतं. गवताशी बसावं लागतं. तू बसलायस का कधी?" नंदू खरंच कधी बसलेला नव्हता, त्यामुळे तो घड्याळ बघत निघून जायचा.

बसायची वेळ संध्याकाळची. चारकोपला दिवस उतरला की खाडीकडून वारा येतो. त्याला मिठाचा, थोडा चिखलाचा वास असतो. तो चौकात शिरला की आधी दोरीवरचे कपडे हलायचे आणि मग सिस्टरांचं गवत. जांभळं आधी झुकायचं, पट्ट्यांचं थरथरायचं, वाळा सगळ्यात शेवटी, सावकाश, आजारातून उठल्यासारखा. उन्हाची तिरीप तुऱ्यांतून जायची तेव्हा मातीचा तो तुकडा कुठल्या कुठे पसरल्यासारखा वाटायचा. भिंत दिसेनाशी व्हायची, पाण्याचा पंप दिसेनासा व्हायचा. आपण चारकोपला आहोत की आणखी कुठे, हे थोडा वेळ नीट कळायचं नाही. आम्ही दोघी पायरीवर बसून असायचो आणि बोलायचो फार कमी.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी मला ते सांगितलं. "माझी आई गवताला जायची, मिने." त्यांचं गाव सांगलीकडचं, माळावरचं. दुसऱ्यांच्या गुरांसाठी गवत कापायचं, भारा बांधायचा, डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, हे आईचं काम. "मी दगडावर बसलेली असायची. वारं सुटलं की अख्खा माळ हलायचा. वाटायचं, जाऊन झोपावं त्याच्यात. पण आई वाकलेलीच. पात्यांनी तिचे हात फाटलेले असायचे. तिनं मान वर करून माळ हलताना एकदा तरी पाहिला का, मला ठाऊक नाही."  त्यांनी पायाशी पडलेलं एक वाळकं पातं उचलून बोटाला गुंडाळलं. "नोकरी लागली तेव्हाच ठरवलं होतं. आपलं घर झालं की दारात गवत लावायचं, आणि ते कुणी म्हणजे कुणी कापायचं नाही. आईला आणायचं, खुर्चीत बसवायचं. म्हणायचं, आता नुसतं बघ."

"मग? आल्या का आई?"

"घर झालं तेव्हा आई नव्हती गं."

तेव्हापासून त्या दोन खाटांएवढ्या जागेकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. तिथे त्यांच्या आईची खुर्ची मांडलेली आहे असंच मला वाटायचं.

खरी गोष्ट अशी की गवत वर्षातून एकदा कापावं लागतं. नर्सरीवाल्याने त्यांना परोपरीने सांगितलं होतं, "नहीं काटोगे तो बीच में से मर जाएगा." आणि तसंच होत होतं. बाहेरून पाती डौलात, पण मधला गाभा तपकिरी, पोकळ होत चाललेला. सिस्टरांना ते दिसत नव्हतं असं नाही. ज्या बाईने जन्मभर लोकांच्या जखमा साफ केल्या तिला मेलेलं काय आणि जिवंत काय हे मी कशाला सांगू? पण त्या विळा आणू देत नव्हत्या. मांडी घालून बसायच्या आणि वाळलेलं एकेक पातं हाताने उपटून काढायच्या. "कापत नाही, विंचरते," म्हणायच्या.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. हिवाळा सरत आला होता, गवत वाळून पिवळं पडलेलं. ऑपरेशन झालं आणि पुढचे काही दिवस त्या मुलुंडला भाच्याकडे राहिल्या. मी त्याच सुमारास माहेरी नाशिकला गेले. आणि चौकाने सिस्टरांसाठी सरप्राइज ठरवलं. नंदूच्या आईचं शेवटचं आजारपण सिस्टरांनी काढलं होतं, तो पुढाकार घेणार नाही तर कोण घेणार? मी नाशिकहून परतले ती नेमकी सिस्टर घरी येणार होत्या त्या सकाळी. चौकात शिरले आणि माझे पाय जागीच थांबले. गवत नव्हतं. त्या जागी प्लॅस्टिकची लॉन अंथरली होती, लग्नाच्या हॉलमध्ये असते तसली, डोळ्यांत खुपणारी हिरवी. तिच्यावर मुलांनी फुगे बांधले होते.

नंदूला मी काही बोलणार तेवढ्यात भाच्याची गाडी आली. सिस्टर वॉकर धरून उतरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कसं वाटलं, सिस्टर? झकास ना?" नंदूचा चेहरा नुसता फुलला होता. "सगळं वाळून वाट लागलेली. म्हटलं, तुम्ही या अशा पायाने कुठे साफ करत बसणार! मुळं काय सुटेनात, नायतर तीपण काढली असती."

 मला सिस्टरांकडे बघवेना. त्यांनी चपलेतून एक पाय काढून त्या प्लॅस्टिकवर ठेवला.

"मऊ आहे रे," त्या म्हणाल्या. मग, "कापलं कुणी?"

"मीच ना. कोयता घेऊन."

त्यांनी नंदूचा हात हातात घेतला आणि पालथा होता तो उताणा केला. तळव्यावर, बोटांच्या पेरांवर बारीक बारीक चिरा होत्या, ताज्या, लाल. सिस्टर त्या हाताकडे इतका वेळ बघत राहिल्या की नंदूच अवघडला. "काय नाय ओ, थोडं लागलं." "हळद लाव," त्या म्हणाल्या. "आणि गवत?" नंदूने सांगितलं की फेकलं नाय हां, तबेल्याचा टेम्पो जात होता त्याला दिलं, म्हशींनी खाल्लं असेल. "खाल्लं असेल," सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी मी खिचडी घेऊन गेले तर त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. रडल्या होत्या हे सरळ दिसत होतं. मी नंदूवर जाम चिडले होते, त्याला आता चांगली ऐकवते म्हणाले. "एक अक्षर बोलायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्या हाताला केवढं कापलंय, बघितलंस ना?" त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी खिडकी उघडली नाही. व्यायाम करायच्या, औषधं घ्यायच्या, विचारलं तेवढं बोलायच्या. संध्याकाळचा वारा यायचा आणि नुसते कपडे हलवून जायचा. प्लॅस्टिक कशाला हलतंय!

नंदूची बायको ती लॉन रोज सकाळी पाइपने धुवायची, धूळ बसू नये म्हणून. आणि एक दिवस नंदू घाबराघुबरा सिस्टरांच्या दारात. "सिस्टर, घुशी लागल्या बहुतेक. लॉन जागोजाग वर आलीय." आम्ही बाहेर आलो. खरंच, हिरव्या कापडाला इथे तिथे उंचवटे आले होते. नंदू काठी घेऊन पवित्र्यात उभा राहिला आणि त्याच्या मुलीने एक कोपरा उचलला. खाली घूस नव्हती. गवताचे कोंब होते, उजेड न मिळाल्याने पिवळट पांढरे, दबून वाकडे झालेले, पण दाट. मधली ती पोकळ, मेलेली जागासुद्धा भरून निघाली होती.

सिस्टर वॉकर बाजूला ठेवून पायरीवर बसल्या. नंदू आणि पोरांनी लॉन गुंडाळून नेली. त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "आई दर वर्षी त्याच माळावर जायची, मिने. दर वर्षी गवत असायचंच. ते पुन्हा आलंय हे तिनं सगळ्यांच्या आधी पाहिलं असेल, नाही गं? मी आपली तिच्या वाकलेल्या पाठीकडेच बघत राहिले." आणि हसल्या. ऑपरेशननंतर प्रथमच मी त्यांना हसताना बघत होते.

पुढच्या वर्षी गवत त्यांनी स्वतः कापलं. नंदूकडून विळा मागवला, पाट घेतला, हातमोजे घालायला लावले तर ते काढून टाकले. सगळा चौक जमला होता. त्यांना घाई नव्हती. एक मूठ कापायच्या, बाजूला ठेवायच्या आणि मान वर करून उरलेलं गवत वाऱ्यावर हलताना बघायच्या. मग दुसरी मूठ. पुन्हा मान वर. काम दुपारपर्यंत चाललं. कुणी मदतीला हात पुढे केला नाही, नंदूनेसुद्धा नाही.

गेल्या दिवाळीनंतर सिस्टर गेल्या, झोपेत, कुणाला काही त्रास न देता. भाच्याने घर बंद ठेवलंय. गवत मात्र होतं तसंच उभं होतं, आणि फेब्रुवारीत वाळलं. कापायला हवं हे आता चौकात सगळ्यांना कळतं, पण कुणी पुढे होईना. शेवटी एका सकाळी नंदू धार लावलेला विळा घेऊन माझ्या दारात आला. "तूच काप गं. माझ्याच्यानं नाय होणार."

मी कापलं. मला यायला लागलं होतं असं नाही, वेडंवाकडंच कापलं. शेवटची मूठ कापली आणि जागा एकदम उघडी झाली, मागची भिंत, पाण्याचा पंप, सगळं दिसायला लागलं, तेव्हा मी तिथेच मातीत बसून रडले. सिस्टर गेल्या त्या दिवशीही मला इतकं रडू आलं नव्हतं.

आता नंदूची बायको रोज तिथे पाणी घालते. पोरं शाळेत जाता-येता वाकून बघतात. गेल्या वर्षी नवा कोंब ज्याला दिसेल तो धावत सुटायचा सिस्टरांच्या खिडकीशी, आणि त्या हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. यंदाही कोंब येतील, आठ-पंधरा दिवसांत येतीलच. आले की सांगायला कुणाकडे धावायचं, ते मला कळत नाही.